चकमकीची चौथी सुरी

१

ओदिलिया चायाशने सुरी तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपखाली सरकवली, आणि तिसऱ्यांदाही तिला तेच दिसलं. म्हणजे काहीच दिसलं नाही.

वीतभर लांब, तपकिरी चकमकीची, दोन्ही टोकांना पानासारखी निमुळती होत गेलेली सुरी. एल चिलारच्या टेकडीखालच्या थडग्यात, मृताच्या छातीवर ती बाराशे वर्षं पडून होती. वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'बळीची सुरी' ठेवलं होतं आणि पुढच्या महिन्यात राजधानीत त्याच नावाचं प्रदर्शन भरायचं होतं. त्याआधी तिच्या धारेवरच्या खुणा वाचून अहवाल द्यायचा, एवढं ओदिलियाचं काम.

अकरा वर्षं ती हेच करत होती. नवी दगडी हत्यारं घडवून घ्यायची, त्यांनी लाकूड कापायचं, कातडी खरवडायची, हाडं तासायची, मिनिटं मोजायची. मग धारेवर काय उमटलं ते जुन्या हत्यारांशी ताडून पाहायचं. मांसाने धार तुपकट दिसते. हाडाने ठिपक्याठिपक्यांनी चमकते. गवत कापलं की आरशासारखी झिलई चढते. आणि कुणी काहीच केलं नाही तरी मातीत पडून पडून दगडावर एक मंद साय धरते. या सुरीवर तीसुद्धा नव्हती. कडा करकरीत, कालच फोडल्यासारख्या. आणि मुठीकडच्या एका खाचेत तांबूस चकाकणारी एक बारीक रेघ होती.

तांब्याची रेघ. थडग्यातल्या माणसाच्या काळी इथे दगड घडवायला तांबं कुणाकडे होतं?

ती उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा येऊन बसली, पुन्हा उठली. एप्रिल सरत आला होता. तळ्यापलीकडे लोक शेतं जाळत होते. धुराने सूर्य पिवळाधमक दिसत होता, वीज गेल्यामुळे पंखा बंद होता आणि गेले चार दिवस गावात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. तिचंही नव्हतं. नाहीतर पुढचं वाक्य ती सगळ्यांसमोर बोलली नसती.

"ही सुरी खोटी आहे," ती बाहेरच्या लांब मेजापाशी येऊन म्हणाली. "नवी आहे. तांब्याच्या टोच्याने घडवलेली. हा ताताचा हात आहे."

मेजाच्या टोकाला बसून चकमकीचे कपचे निवडणारा, प्रयोगांसाठी हत्यारं घडवणारा म्हातारा सेफेरिनो त्सिब, ज्याला सगळं गाव ताता म्हणत असे, त्याने मान वर केली. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर रुआनो यांनी हातातला कप खाली ठेवला आणि फोन उचलला.

२

दुपारी तीन वाजता पुरातत्त्व खात्याची जीप आली, पण प्रयोगशाळेत नाही. ती थेट ताताच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. निरीक्षक मोन्ताल्वान आणि दोन पोलिसांनी ताताच्या घरातली खाट उलटी केली, मक्याची पोती सोडली, मागच्या अंगणातला दगडांचा ढीग उपसला. कुंपणापलीकडे अर्धं गाव उभं होतं. सापडलं काहीच नाही. पण ज्याच्या हातची खोटी सुरी प्रयोगशाळेच्या कुलूपबंद पेटीत निघाली, खरी त्यानेच विकली असणार, याबद्दल निरीक्षकाच्या मनात शंका नव्हती.

"उद्या अकरा वाजता आमच्याबरोबर शहरात चलायचं," तो म्हणाला. "पळायचा विचार करू नका."

"त्र्याहत्तर वर्षांचा आहे मी," ताता म्हणाला. "पळून मी तळ्यापर्यंत जाईन."

ओदिलियाला हे मिल्ड्रेडकडून कळलं. मिल्ड्रेड पिनेलो प्रयोगशाळेच्या नोंदी आणि किल्ल्या सांभाळायची. बोलताना ती किल्ल्यांचा जुडगा पुन्हा पुन्हा मोजत होती.

"आता माझ्यावर येणार बघ. किल्ल्या कुणाकडे असतात? मिल्ड्रेडकडे. पेटी कोण उघडतं? मिल्ड्रेड."

"तू कुणाला दिली होतीस का किल्ली?"

"देईन कशी मी? ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात प्रयोगशाळा बंद होती तेव्हा फक्त डॉक्टरांनी मागून घेतली. पण ते डॉक्टर. त्यांना काय नाही म्हणणार?"

"ते तर राजधानीत गेले होते ना, घरी?"

"नाही गं. शहरात मिरवणुका, ढोल, डोकं उठतं म्हणाले. इथेच बसून लिहीत होते."

ओदिलियाने मान हलवली. डॉक्टर एवेलार्दो रुआनो यांनी तिला विद्यार्थिनी म्हणून उचललं होतं, शिकवलं होतं, परदेशी मायक्रोस्कोप मिळवून दिला होता. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या उजव्या हातावर घ्यायचा. तिने तो विचार झटकला आणि मदतनीस नेफ्तालीला शोधायला निघाली.

पण झटकलेला विचार पायऱ्या उतरेपर्यंत परत आला होता.

३

नेफ्ताली कूकुल मागच्या अंगणात रामोनच्या झाडाखाली हरणाचं कातडं ताणत बसला होता. प्रयोग तोच करायचा: कुठलं हत्यार, कशावर, किती मिनिटं, सगळं त्याच्या वहीत असे.

"बाई, तुम्ही मलाही तेच विचारणार असाल, तर सांगतो, मी नाही," तो वर न बघता म्हणाला. "पण तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. सकाळी तुम्हाला ताताबद्दलही वाटलं."

ते तिला लागलं. "खाचेत तांबं होतं, नेफ्ताली."

"होतं. पण ताता तांब्याचा टोचा वापरतो हे काय गुपित आहे? हरणाच्या शिंगाने दाबायचं तर बोटं दुखतात त्याची. नवीन सगळी हत्यारं त्याने तशीच केली. त्या सुरीच्या नकलासुद्धा."

"किती नकला?"

"तीन. एकीने मी लाकूड कापलं, प्रयोग एक्केचाळीस. दुसरीने कातडी, बेचाळीस. दोन्ही कपाटात आहेत, बघून घ्या. तिसरी वापरायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. 'राखीव' म्हणून चिठ्ठी लावली तिच्यावर. प्रदर्शनासाठी असेल."

"कधी सांगितलं?"

"पवित्र सप्ताहानंतर. मी आईकडून परत आलो, मंगळवारी, तेव्हा."

ओदिलिया थबकली. "मंगळवारी? सोमवारी तू इथे नव्हतास?"

"सोमवारी मी बसमध्ये होतो. का?"

त्या सोमवारी सुट्टीनंतर ती मायक्रोस्कोपवर बसली होती, तेव्हा तिला दोन नळ्यांतून एकच चित्र दिसेना. कुणीतरी डोळ्यांच्या नळ्या फाकवून ठेवल्या होत्या, खूप रुंद. तिचा चेहरा लहान, नेफ्तालीचा तर तिच्याहून अरुंद. नळ्या जवळ आणताना तिने मनातल्या मनात त्यालाच चार शिव्या दिल्या होत्या.

"तुला मायक्रोस्कोप बघताना नळ्या दूर कराव्या लागतात की जवळ?"

"जवळ. तुमच्यानंतर बसलो तरी थोड्या जवळच," नेफ्ताली म्हणाला. "तोंडच एवढंसं आहे. आई म्हणते, चिंचोळ्या दारातून जन्माला आलास."

मिल्ड्रेड त्या यंत्राला हात लावत नसे. ताताला तर ते आवडतच नव्हतं. एकदा डोकावून तो म्हणाला होता, एवढ्या जवळून कुणाकडे बघू नये. मग रुंद चेहऱ्याचं, डोळ्यांत अंतर असलेलं कोण उरलं?

तिला त्या अंगणात उभं राहवेना.

४

ऊन कलल्यावर ती ताताच्या घरी गेली. अंगणात सांडलेला मका सून एकेक दाणा करून गोळा करत होती. तिने ओदिलियाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ताता उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर हात उताणे ठेवलेले, बोटांची पेरं सुजलेली.

"ये," तो म्हणाला. "आता उलटायला काही उरलं नाही."

"ताता, एकच विचारते."

"सकाळी विचारायचं होतं, पोरी. सकाळी तू सांगितलंस."

दूर तळ्याच्या काठावर माकडं घोगऱ्या आवाजात ओरडत होती आणि धूर खाली खाली उतरत होता.

"त्या सुरीच्या नकला तुम्ही किती केल्या?"

"तीन. डॉक्टर म्हणाले हुबेहूब हव्यात. तसा तपकिरी दगड मिळायला मला दोन आठवडे नदी तुडवावी लागली. तीन केल्या आणि दगड संपला. चौथीला पुरेल असा तुकडा असता, तर मी पर्यटकांना विकला नसता का? येतात आणि विचारतात, तुमचे पूर्वज माणसांची काळजं काढायचे ना? मी म्हणतो, जेवायच्या वेळी नका विचारू."

तो हसला नाही. ओदिलियाही नाही. तिच्या डोक्यात आकडे फिरत होते.

"तीन," ती म्हणाली. "एक्केचाळीस नंबरची कपाटात आहे. बेचाळीसचीही आहे. राखीव चिठ्ठीची तिसरी ट्रेमध्ये आहे. या झाल्या तीन."

"झाल्या."

"आणि पेटीत सकाळी जी सापडली, ती चौथी."

ताताने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी तीनच केल्या," तो सावकाश म्हणाला.

"म्हणजे त्या चारांमधली एक तुमची नाही."

ती उठली. सुरी विकली गेली नव्हती. चोरीला गेली नव्हती. ती इमारतीच्या बाहेरच पडली नव्हती.

५

सकाळी सहाला तिने मिल्ड्रेडला उठवून किल्ली घेतली. ट्रेमधल्या राखीव सुरीवरची चिठ्ठी काढली, ती भिंगाखाली ठेवली, आणि नळ्यांतून पाहिलं.

मातीची साय, सगळ्या अंगावर. तिच्याखाली, धारेच्या दोन्ही बाजूंना, आरशासारखी झिलई. इतकी दाट, की नेफ्तालीने महिनाभर रोज आठ तास काम केलं असतं तरी चढली नसती. झिलईतले ओरखडे धारेला समांतर. कापणं, कापणं, आणि पुन्हा कापणं. मांस नाही, हाड नाही, रक्ताशी संबंध नाही. तिने प्रयोगांचे जुने फोटो काढले आणि एकेक शेजारी धरून पाहिला. गवत जवळचं होतं, पण तंतोतंत नव्हतं. एकोणिसावा फोटो तंतोतंत जुळला.

तळ्याकाठचे लव्हाळे. चटया विणायला लोक कापतात ते.

बळीची सुरी कुणाचा बळी घ्यायला वापरलेलीच नव्हती. कुणीतरी तिने आयुष्यभर चटयांसाठी लव्हाळे कापले होते, बोथट झाली की पुन्हा धार लावली होती, आणि शेवटी घरच्यांनी ती त्याच्या छातीवर ठेवली होती. एखाद्या कामसू माणसाबरोबर त्याचं हत्यार ठेवतात तशी.

आता तिला सगळं ओळीने दिसलं. सुट्टीत, रिकाम्या प्रयोगशाळेत, कुणीतरी तिच्याआधी हेच पाहिलं होतं. त्याला ते सोसलं नाही. पेटीत त्याने कोरी नक्कल ठेवली, कारण धारेवर काहीच नसलं तर ओदिलिया लिहील: न वापरलेली, केवळ विधीसाठी. तांब्याची रेघ त्याच्या ध्यानात आली नाही. भिंगाखाली त्याने खरी सुरी पाहिली होती, खोटी पाहिली नव्हती. आणि खरी सुरी? चोर असता तर विकली असती. हुशार असता तर तळ्यात फेकली असती. या माणसाने तिच्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी लावली आणि कुणी हात लावू नये अशी व्यवस्था केली.

तो कोण, हे तिला ठाऊक होतं. पण निरीक्षकाला तिच्या ठाऊक असण्याचं काय? ताताचीच करामत म्हणतील. राखीव ट्रेमधून नंतर पळवायचा बेत होता म्हणतील. अकरा वाजायला चार तास होते. तिने खरी सुरी कापसात गुंडाळून स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पेटीतली खोटी सुरी घेतली, तिच्यावर 'राखीव' ही चिठ्ठी चिकटवली, आणि ट्रेमध्ये ठेवून दिली.

मग तिने नेफ्तालीला हाक मारली. "कसायाकडून गाईच्या पायाचं हाड आण. मोठं."

६

अकरा वाजता जीप आली. मागच्या अंगणात सगळे जमले. ताता स्वच्छ सदरा घालून, टोपी हातात घेऊन उभा होता. डॉक्टर रुआनो निरीक्षकाशी हळू आवाजात बोलत होते. रुंद, देखणा चेहरा, रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे.

"निरीक्षकसाहेब, निघण्याआधी अर्धा तास द्या," ओदिलिया म्हणाली. "पेटीतल्या सुरीवर तांबं आहे, पण तेवढ्याने तुमच्या वकिलाचं भागणार नाही. अशीच दुसरी नक्कल हाडावर चालवून दाखवते. तांबं किती टिकतं, धार कशी तुटते, सगळं नोंदून देते. पुरावा पक्का होईल."

मोन्ताल्वानने घड्याळ पाहिलं. "अर्धा तास. बस."

नेफ्ताली झाडाखाली बसला. पुढ्यात हाड, हातात ट्रेमधून आणलेली सुरी. चिठ्ठी अजून तिच्यावर होती.

"ती नको," डॉक्टर म्हणाले. आवाज साधा होता. "ती राखीव आहे. दुसरी घ्या."

"दुसऱ्या दोन्ही वापरलेल्या आहेत, डॉक्टर. कोरी हीच."

"प्रदर्शनात लागणार आहे."

"नक्कलच आहे ना," ओदिलिया म्हणाली. "मोडली तर ताता दुसरी करून देतील. सुटून आल्यावर."

कुणी हसलं नाही. तिने नेफ्तालीकडे बघून मान हलवली. त्याने चिठ्ठी सोलून टाकली, हाड गुडघ्यांत धरलं, सुरी उंच उचलली.

डॉक्टर रुआनो झाडापर्यंत कसे पोचले ते कुणाला कळलंच नाही. त्यांनी नेफ्तालीचं मनगट एका हाताने धरलं आणि दुसऱ्याने पातं, उघड्या तळव्याने. चकमक वस्तऱ्याहून तीक्ष्ण असते. रक्त बोटांमधून हाडावर ठिबकलं, तरी त्यांनी पकड सोडली नाही. सुरी काढून घेऊन त्यांनी ती सदऱ्याशी धरली, एखाद्या लहान मुलाला धरावं तशी.

"बाराशे वर्षं," ते म्हणाले. "हाडावर मारता? अक्कल आहे का?"

आपण काय बोललो हे त्यांना सगळ्यांत शेवटी समजलं.

"डॉक्टर," ओदिलिया म्हणाली, "तुमच्या हातात आहे ती ताताची. खरी माझ्या कपाटात आहे."

त्यांनी हातातल्या रक्ताळलेल्या दगडाकडे पाहिलं. बावीस वर्षं ज्या सुऱ्यांवर ते बोलत आले होते, त्यांतली खरी कुठली आणि खोटी कुठली, हे डोळ्यांनी त्यांनाही ओळखता आलं नव्हतं.

मग ती निरीक्षकाला सगळं सांगत गेली: तीन नकला आणि चार सुऱ्या, सुट्टीतली किल्ली, फाकलेल्या नळ्या, चिठ्ठी. रुआनो झाडाला टेकून बसले होते. नेफ्ताली त्यांच्या तळव्याला फडकं बांधत होता. त्यांनी काहीच नाकारलं नाही.

"माझी सगळी पुस्तकं त्या एका गोष्टीवर उभी आहेत," ते म्हणाले. "राजे, वेदी, रक्त. आणि भिंगाखाली काय, तर चटया. मला वाटलं, प्रदर्शन एकदा होऊन जाऊ दे. ती मी तळ्यात टाकू शकलो असतो, ओदिलिया. टाकली नाही. सुरीला मी धक्का लागू दिला नाही."

"नाही लागू दिलात," ती म्हणाली. "आणि ताताला?"

रुआनो उठून जीपकडे चालू लागले. जीपमध्ये मागच्या सीटवर ते बसले तेव्हा बांधलेला हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता. टोपी घालून ताता केव्हाच घरी निघून गेला होता. जाताना त्याने ओदिलियाकडे पाहिलं नाही.

७

दुपारी ती त्याच्या दारात गेली. सोबत मध नेला होता. सुनेने तो घेतला आणि आत ठेवला, पण बस म्हणाली नाही.

"ताता, माझं चुकलं," ओदिलिया म्हणाली. "मला माफ करा."

ताता खाटेच्या सैल झालेल्या दोऱ्या पुन्हा आवळत होता.

"दगडाकडे तू तीनदा पाहिलंस," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी तुझ्या शेजारी बसलोय. माझ्याकडे एकदा तरी पाहायचंस."

"हो."

"नात शाळेतून रडत आली. चोराची नात म्हणाले तिला. जीप कुठे उभी होती?"

"गल्लीत."

"मग इथे घरात काय बोलतेस? इथे सगळ्यांना ठाऊक आहे मी कोण ते."

शनिवारी सकाळी साडेपाचला मक्याच्या गिरणीपुढे नेहमीसारखी रांग होती. भिजवलेल्या मक्याच्या बादल्या, पाठीवर रुळणाऱ्या पोरींच्या वेण्या, म्हाताऱ्यांच्या चपला. अर्धं गाव इथेच भेटे, आणि उरलेल्या अर्ध्या गावाला दुपारपर्यंत सगळं कळे. ताताची सून रांगेत मधोमध होती. तिच्या पुढे आणि मागे हातभर जागा रिकामी सोडलेली.

ओदिलियाकडे बादली नव्हती. ती गिरणीच्या पायरीवर चढली. तिने तोंड उघडलं, पण डिझेलच्या इंजिनापुढे तिचा आवाज तिच्याच कानाला लागला नाही.

गिरणीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि इंजिनाची खिट्टी ओढली. पट्टा फडफडत थांबला. इतक्या सकाळी गिरणी बंद पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"गुरुवारी मी सेफेरिनो त्सिब यांना चोर ठरवलं," ओदिलिया म्हणाली. "ते खोटं होतं, आणि त्यांच्याकडे पहिलं बोट दाखवणारी मी होते."

मग तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं, आणि ती संपवेपर्यंत गिरणीवाल्याने इंजिनाला हात लावला नाही.